टिंब चुकीच्या डोक्यावर

३ मार्च, सोमवार

दादा,

आधीच सांगते, शुद्धलेखन बघू नकोस. आणि हे एका दिवसात लिहिलेलं नाही, एका बोटाने लिहिलंय. कचेरीच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेत, त्यातले निम्मे झिजलेत. ठ कुठे आहे ते अंदाजाने ठरवते. मधेच कुणी खिडकीवर आलं की उठावं लागतं, आणि येऊन बसले की वाक्य कुठे चाललं होतं ते आठवत नाही.

तुझा पत्ता फुगेवाल्या सरांकडून घेतला. मागायला आठ दिवस लागले. सर अजून पाण्याखाली जाऊन, फुगे सोडत पोवळी मोजतात. तुझ्या जागी आलेलं कुणी टिकत नाही म्हणाले. एकाला पाणी थंड लागायचं, एकाला मासे बघून हसू यायचं आणि नळीत पाणी जायचं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी नोकरीला लागले. धक्क्यावर हिरवी टपरी होती ना, बर्फ विकायचे ती, तिथे आता समुद्र-शुल्काची खिडकी आहे आणि आत मी आहे. होडीने पोवळी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने शुल्क भरायचं आणि मी त्याच्या मनगटाला निळा कागदी पट्टा चिकटवायचा. लहान मुलांना शुल्क नाही, पण पट्टा त्यांनाच जास्त हवा असतो. त्यांच्यासाठी मी मागच्या वर्षीचे उरलेले पिवळे पट्टे ठेवलेत.

शाळा सोडल्याचं सरांकडून कळलं असेल. नववीतच सोडली. घरी मदत लागते असं सगळ्यांना सांगितलंय. खरं तुला माहीत आहे. हेडबाई उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या आणि माझा आवाज घशात बसून राहायचा. खिडकीत तसं नाही. काचेला गोल भोक आहे, लोक त्यातून बोलतात आणि मी बोटं दाखवते. परवा एकाने विचारलं, ही मुलगी मुकी आहे का. शिट्टीकाका बाजूलाच उभे होते. म्हणाले, मुकी नाही, काटकसरी आहे.

शिट्टीकाकांचा पगार आता ह्या शुल्कातूनच होतो. म्हणून कुणी पट्टा बांधून निघालं की ते सलाम ठोकतात. कचेरीच्या नव्या मॅडम म्हणाल्या, पहारेकऱ्याने सलाम करायची गरज नाही. काका म्हणाले, मग काय करू, मिठी मारू?

भांडणं होतात, पण रोज नाही. काल एक जण भोकात तोंड घालून म्हणाला, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का, पैसे कसले घेतेस. मला सांगावंसं वाटलं की हो, तीस वर्षं होता. पण मी पट्टा पुढे केला.

बाबा धक्क्यावर येत नाहीत. होडी मागच्या खाडीत लावतात आणि लांबून फिरून घरी येतात. मी इथे लागले तेव्हा म्हणाले, बस बाई, पण तिथलं काही मला सांगायचं नाही. तुझं नाव घेत नाहीत. अगदीच वेळ आली तर ‘तो चिठ्ठीवाला’ म्हणतात. आई म्हणते त्याला नाव आहे, बारा दिवस विचार करून मी ठेवलंय.

ती चिठ्ठी. तक्रारपेटीत सापडलेली, की बाबा बंदीच्या खडकावर नागंर टाकतात. तिच्यामुळे बाबांचा परवाना तीन महिने अडकला. सगळ्यांसमोर बाबांनी विचारलं हे कुणी लिहिलं, आणि तू म्हणालास, मी. मग तू गेलास.

त्या चिठ्ठीबद्दल मला काही लिहायचंय. आज नको. रांग लागली.

तुझं,
टिंब


११ मार्च, मंगळवार

दादा,

तुझं उत्तर आलं. ‘बरा आहे. गोदामात आहे. इथून समुद्र दिसत नाही. लिहीत जा.’ मी चार वेळा वाचलं, तरी तेवढंच निघालं.

म्हणून आधी तुला आवडेल ते लिहिते.

खडकावर बंदी घालायच्या आधीच्या सभेत तू उभा राहून शब्द दिला होतास की शुल्काचे पैसे इथेच राहतील, ह्याच पाण्यासाठी. पहिल्या वर्षी ते सगळे वरच्या कचेरीत गेले आणि इकडे फक्त एक पाटी आली, त्यावर डॉल्फिन काढलेला. आपल्या खडकाकडे डॉल्फिन येत नाही. तेव्हा बाबा भर धक्क्यावर म्हणाले होते ना, की माझा मुलगा परक्यांच्या तोंडाने बोलतो. ते तुला किती लागलं ते मी बघितलंय. चिठ्ठी त्यानंतर महिन्याभराने सापडली. म्हणूनच तू ‘मी’ म्हटल्यावर कुणाला शंका आली नाही.

तर आता नियम बदललाय. शुल्कातला मोठा भाग इथेच राहतो. मॅडमनी काचेवर यादी चिकटवली आहे, पैसे कशावर गेले त्याची. पहारा, पहाऱ्याच्या होडीचं डिझेल, धक्क्यावरचं स्वच्छतागृह (ह्याचं कौतुक सगळ्यात जास्त होतं), सरांची मोजणी. आणि शेवटच्या ओळीत, बारा बोये.

बारा, दादा. तू सांगायचास तसेच. नारिंगी गोळा पाण्यावर, खाली साखळी, साखळीच्या टोकाला सिमेंटचा ठोकळा. होडीने येऊन त्याला दोरी बांधायची आणि निघताना सोडायची. खाली काहीच टाकायचं नाही. ठोकळे येऊन पडलेत. खिडकीतून मला त्यातले पाच दिसतात. मांजरं त्यावर ऊन खातात.

तुझा शब्द खरा झाला. उशिरा झाला, पण झाला. ते घरी कुणी बोललं नाही. मी इथे बोलते.

आता ते दुसरं.

चिठ्ठी मी लिहिली होती. तुला ते माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी कधीतरी मी लिहायला हवं म्हणून लिहिते. मी चौदा वर्षांची होते. रविवारी मी बाबांबरोबर होडीत जायचे, पुढच्या फळीवर बसायचे, आठवतं? बंदी आली तरी बाबा तिथे जायचेच, सवय होती, आणि राग होता. नागंर वर ओढला की त्याच्या दाताला पोवळं अडकून यायचं. पहिल्यांदा हाताएवढं. दुसऱ्यांदा झाडाच्या फांदीसारखं, फिकट जांभळं, त्यात एक छोटा खेकडा लपलेला. तिसऱ्यांदा इतकं मोठं होतं की बाबांना दोन्ही हातांनी काढावं लागलं. त्यांनी ते पाण्यात टाकलं आणि हात विजारीला पुसले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला वाटलं चिठ्ठी टाकली की शिट्टीकाका येतील, बाबांना बाजूला घेऊन सांगतील, असं करू नका. बस. परवाना वगैरे मला माहीतच नव्हतं. मला बोलता आलं असतं तर मीच बोलले असते.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं होतं. शिट्टीकाकांनी चिठ्ठी सगळ्यांपुढे धरली, तू वाचलीस आणि माझ्याकडे बघितलंस. पापणी हलली तेवढाच वेळ. मग म्हणालास, मी. तुला कसं कळलं? मी दोन वर्षं विचार करतेय.

मी बाबांना सांगणार आहे. मग तू येऊ शकशील.

तुझं,
टिंब


२० मार्च, गुरुवार

दादा,

तू लिहिलंस, ‘सांगू नकोस. माझ्याशी बोलणं थांबवलंय तेवढं पुरे. तुझ्याशी थांबवलं तर होडीत पुढच्या फळीवर कोण बसेल.’

मी तरी ठरवलं होतं. तीनदा प्रयत्न केला.

पहिल्यांदा बाबा जाळं शिवत होते. मी समोर बसले. त्यांनी मला सुई ओवायला दिली. मी ओवली. मग दुसरी दिली. नऊ सुया ओवल्या आणि उठले. दुसऱ्यांदा ते दाढी करत होते, तेव्हा बोलणं बरं नाही वाटलं, हातात वस्तरा होता. तिसऱ्यांदा मी चांगली सुरुवात केली. म्हणाले, बाबा, ती चिठ्ठी. ते म्हणाले, कुठली, दळणाची? आईने दिलीय, खिशात आहे. आणि दळण घेऊन गेले.

मधे मॅडम घरी येऊन गेल्या. त्या तुझ्यानंतर आल्यात, म्हणून सांगते: बारीक आहेत, दोन चष्मे लावतात, एक डोक्यावर विसरलेला असतो. त्यांना बाबा हवे होते. ठोकळे पोवळ्यावर टाकता येत नाहीत, वाळूवरच टाकावे लागतात. आणि नुसती वाळू दिसून भागत नाही, तिचा थर जाड हवा, नाहीतर एका मोठ्या लाटेने ठोकळा घसरत पोवळ्यावर जाऊन बसायचा. ह्या दिवसांत पाणी गढूळ आहे. सर रोज बुडी मारतात, काठी खुपसतात, पण अर्ध्या दिवसात एक जागाही नीट मिळत नाही. मॅडमना कुणीतरी सांगितलं की खालची वाळू घरच्या अंगणासारखी माहीत असलेला एकच माणूस आहे.

बाबांनी त्यांना पाणी दिलं. खुर्ची पुसून दिली. मग म्हणाले, ‘तीस वर्षं मी तिथे जात होतो तेव्हा मी चोर ठरलो. आता त्याच चोराला वाट विचारायला आलात?’

मॅडम म्हणाल्या, ‘हो. दुसऱ्या कुणाला माहीत नाही.’

बाबांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. पण नाहीच म्हणाले. मॅडम गेल्यावर आई म्हणाली, बाई खरं बोलतात. बाबा म्हणाले, खरं बोलणाऱ्यांचीच भीती वाटते मला, घरात एक होता.

मी आतल्या खोलीत होते. दारामागे. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, दादा. परत खाली गेलं.

सोमवारी मॅडमनी मला पाटी रंगवायला दिली. छापून आणायला वेळ नाही आणि तुझं अक्षर ठळक आहे म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या अक्षराबद्दल चांगलं बोललं. मोठा पत्रा, पांढरा रंग आधीच दिलेला. मी उजव्या हाताने, नीट, ओळी आखून लिहिलं:

इथे नागंर टाकू नका.
बोयाला दोरी बांधा.
खालची पोवळी तुमच्या शुल्कातून सांभाळली जातात.

शेवटची ओळ माझी. मॅडमनी सांगितली नव्हती.

पाटी लागल्यावर तासाभरात एक कुटुंब आलं. त्यातले आजोबा पाटीसमोर उभे राहून म्हणाले, इथे समुद्रात शेती कोण करतं? त्यांना वाटलं बैलाचा. शिट्टीकाका म्हणाले, आजोबा, काम दोघांचं तेच. जमीन उकरायची. फक्त इथे नंतर काही उगवत नाही.

काका हे बोलून गेले आणि मग माझ्याकडे बघून उगाच टोपी सरळ केली. त्यांना वाटलं मला बाबांवरून लागलं. मला लागलं ते वेगळंच.

तू पुन्हा ‘सांगू नकोस’ असं लिहू नकोस. मला गप्प राहणं सोपं जातं म्हणून मी तेच करते, आणि मग तू गोदामात राहतोस.

तुझं,
टिंब


२९ मार्च, शनिवार

दादा,

मी सांगितलं नाही. कळलं.

मंगळवारी बाबांच्या इंजिनाचा पट्टा तुटला. मेकॅनिकने दुकान धक्क्यावर हलवलंय, म्हणजे बाबांना यावंच लागलं. मी खिडकीत होते. ते मान खाली घालून भराभर चालत आले, पट्टा खांद्यावर टाकलेला, आणि पाटीसमोर थांबले. मला वाटलं चिडून काही म्हणतील. ते वाचत होते. बराच वेळ उभे राहिले. मागे लोक खोळंबले. एकाने विचारलं, काका, वाचून झालं का? बाबा म्हणाले, दोन वर्षं लागली. आणि मेकॅनिककडे न जाताच घरी गेले.

मला काहीच समजलं नाही. पट्टाही तसाच खांद्यावर होता.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बाबा म्हणाले, ‘टिंब ना वर असतं.’

मी दचकले. टिंब फक्त तू म्हणतोस मला. बाबांना हे नाव माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. वाटलं हाक मारतायत, म्हणून ‘ओ’ दिली.

बाबा म्हणाले, ‘तुला नाही. नांगरातलं टिंब. ते ना च्या डोक्यावर असतं. तू ग च्या डोक्यावर दिलंयस.’

मग उठले, गळांचा डबा आणला, त्याच्या तळाशी घडी केलेला कागद होता तो काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. ती चिठ्ठी, दादा. त्यांनी ठेवली होती. आणि तिच्यात टिंब ग च्या डोक्यावर होतं.

मी डाव्या हाताने लिहिलं, वाकडं लिहिलं, अक्षरं मोठी छोटी केली. आणि टिंब मात्र माझं ठेवलं. तुला तिथेच कळलं ना? तू मला लहानपणापासून हसत आलास त्याच्यावरून, नावच पाडलंस. आणि आता मी तुला तीन पत्रं लिहिली, तिन्हींमध्ये तसंच लिहिलं, तू एकदाही सुधारलं नाहीस.

बाबांनी विचारलं, ‘डाव्या हाताने?’

मी म्हणाले, ‘हो.’

‘का लिहिलंस?’

आणि आवाज आला. कुठून आला माहीत नाही. मी म्हणाले, ‘तिसऱ्यांदा पोवळं आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हाला पण वाईट वाटलं होतं. मला वाटलं कुणीतरी थांबवलं तर तुम्ही थांबाल.’

बाबांनी भाताचा घास कालवला आणि कालवतच राहिले.

‘मग त्याने का हो म्हटलं?’ त्यांनी हे मला विचारलं की भिंतीला, कळलं नाही.

उत्तर आईने दिलं. म्हणाली, ‘कारण हिला तुमच्याबरोबर होडीत बसायचं होतं. त्याला तसंही तुम्ही खाली उतरवलंच होतं.’

बाबा आईकडे बघत राहिले. मी पण. मी विचारलं, तुला माहीत होतं? आई म्हणाली, माझ्या वाणसामानाच्या वहीचं पान आहे ते, मागे साबण आणि काडेपेटी लिहिलंय. दोन वर्षांत एकानेही उलटून बघितलं नाही.

बाबांनी उलटून बघितलं. होतं. साबण, काडेपेटी, जिऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, दोन्ही मुलं मी एकाच दिवशी कशी घालवू?

तू लिहिलं होतंस तसंच झालं. बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. बुधवार, गुरुवार. ओरडले नाहीत, काही नाही. सुई स्वतःच ओवली, जवळचं दिसत नाही तरी. मी पण गप्पच होते, पण माझं गप्प बसणं कुणाला कळत नाही, रोजचंच आहे.

शुक्रवारी सकाळी मी खिडकी उघडली तर काचेपलीकडे बाबा उभे. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. रांग नव्हती तरी रांगेच्या पट्टीमागे उभे होते. भोकात वाकून म्हणाले, ‘तुझ्या मॅडमना सांग. होडीतून पाण्याची टाकी दीपस्तंभाच्या डाव्या खांद्यावर दिसली की खाली वाळू कमरेएवढी आहे. पहिला ठोकळा तिथे.’

मी म्हणाले, तुम्हीच सांगा, आत आहेत. ते आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घासलेटात भिजवलेलं फडकं आणि रंगाचा डबा होता. पाटीपाशी गेले. ग च्या डोक्यावरचं टिंब घासून काढलं आणि ना च्या डोक्यावर बोटाने नवीन दिलं. जरा मोठंच झालंय. ग वर निळसर डाग राहिला आहे, तो गेला नाही.

जाताना काचेवर टकटक करून म्हणाले, संध्याकाळी सुया ओवायच्या आहेत.

टिंब


७ एप्रिल, सोमवार

दादा,

अकरा ठोकळे बसले. मी हे खिडकीत बसून लिहितेय आणि समोर अकरा नारिंगी गोळे दिसतायत. लांबून कुणीतरी संत्री सांडल्यासारखे.

तुझं पत्र मिळालं. ह्या वेळी सात ओळी होत्या. आईला वाचून दाखवलं, मोठ्याने. बाबा बाहेर ओट्यावर बसून दोर वळत होते. दोर वळून झाला होता, तरी वळत होते.

काम कसं झालं ते सांगते. तराफ्यावर ठोकळा, पाण्यात फुगेवाले सर आणि त्यांचे दोन जण, पुढे बाबांची होडी जागा दाखवायला. तुला माहीतच आहे, जागा एकट्याने लागत नाही. एकाने मागे बघायचं, एकाने पुढे. मागचा म्हणतो टाकी आली, पुढचा म्हणतो कारखान्याची चिमणी आली, आणि दोघांचं एकदम आलं की तिथे थांबायचं. हे बाबा तुझ्याबरोबर करायचे. आता मला पुढच्या फळीवर बसवलं. म्हणाले, चिमणी उंच झाडाला टेकली की ओरड.

पहिल्यांदा चिमणी टेकली आणि मी हात वर केला. बाबांची पाठ माझ्याकडे. होडी पुढे गेली. पुन्हा वळवून आणली. दुसऱ्यांदा मी ‘आली’ म्हणाले, ते मलाच जेमतेम ऐकू आलं. पुन्हा वळवली. तराफ्यावरचे लोक वैतागले. बाबा वैतागले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘तुझ्या आवाजावर ठोकळा पडणार आहे. उशीर झाला की पोवळ्यावर पडेल.’

तिसऱ्यांदा मी ओरडले. बाबांना इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं. शिट्टीकाका म्हणतात त्यांना धक्क्यावर ऐकू आलं आणि त्यांनी सलाम ठोकला, पण ते थापा मारतात.

मग ठोकळा हळूहळू खाली गेला. दोराला बांधलेले डबे, त्यातली हवा थोडी थोडी सोडत. बराच वेळ काही नाही, नुसते फुगे. मग सर वर आले आणि अंगठा दाखवला. वाळू. कमरेएवढी. बाबांनी काही दाखवलं नाही, पण सदऱ्याची बाही वर करून उगाच कोपर खाजवलं, ते खूश असले की करतात तसं.

त्यांनी गोळ्याला होडी बांधून बघितली. नांगर होडीतच पडून होता. मी त्याच्याकडे बघत होते. बाबा म्हणाले, राहू दे, वजनाला बरा. मग गोळ्याच्या दोराची गाठ बघून म्हणाले, ही कुणी मारलीय, ही गाठ आहे की गुंता. सगळ्या अकरा गाठी सोडून त्यांनी नव्या मारल्या. मॅडम म्हणतात त्यांना आता दर महिन्याला गाठी आणि साखळ्या तपासायचं काम द्यायचं, शुल्कातून. बाबा म्हणाले विचार करतो. घरी येऊन आईला म्हणाले, महिन्यातून एकदा पुरणार नाही, त्या पोरांना गाठी येत नाहीत.

आता मुख्य.

बारावा ठोकळा धक्क्यावरच आहे. बारावी जागा बाहेरच्या तोंडाशी, जिथे पाणी एकदम गडद होतं. काल संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘ती जागा मला सांगता येणार नाही. ती त्याने शोधली होती. खूण त्यालाच माहीत.’

मी पुढची सुई ओवायला घेतली.

‘लिही त्याला,’ म्हणाले. ‘एक ठोकळा उन्हात पडलाय म्हणावं. मांजरं बसतात त्यावर.’

मी विचारलं, अजून काही लिहू?

बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘लिही की त्याचं बरोबर होतं. नाही, तसं नको लिहू. ते मी सांगेन. तू मांजरांचं लिही.’

दादा, त्या जागेची खूण बाबांना माहीत आहे. मी त्यांच्याबरोबर तिथे निदान चार वेळा गेलेय. पाण्याची टाकी देवळाच्या नाही, शाळेच्या छपरावर बसते तिथे. मला सुद्धा माहीत आहे. पण मी त्यांना तसं म्हणाले नाही, आणि तू पण आल्यावर म्हणू नकोस. होडीत चढ, मागे बस, आणि ओरड. पुढची फळी माझी आहे, ती मिळणार नाही.

गोदामातून सुट्टी मिळत नसेल तर सोडून ये. इथे सरांना माणूस हवाय, ज्याला मासे बघून हसू येत नाही असा.

खाट आहे तिथेच आहे. आईने तिच्यावर ठेवलेली गव्हाची पिंपं काल उतरवली. पाठ धरली तिची.

थांब, खिडकीवर कुणीतरी आलंय.

आले. दोन पट्टे दिले, कुणाला ते ऐक. आपल्या हेडबाई आणि दातांचे डॉक्टर, ज्यांनी तुझी चुकीची दाढ काढली ते. हातात हात घालून. शनिवारी लग्न केलं म्हणे, कुणाला सांगितलंच नाही. बाकीचं तू आल्यावर.

तुझं,
टिंब